सॉर्टेक्सच्या खोलीतला डोंगर

मशीन चीनमधून आलं, लाकडी खोक्यात,
आणि खोक्यात, थर्माकोलच्या खाली, एक कॅलेंडर.
बाराही महिन्यांना एकच डोंगर.
शेटजींनी ते सॉर्टेक्सच्या खोलीत टांगलं.
अख्ख्या राइस मिलमध्ये एसी तिथेच,
कागद फुगत नाही.

जानेवारीत त्यावर बर्फ,
सुयांच्या पानांची झाडं, ज्यांचं नाव मला येत नाही.
एप्रिलमध्ये बांबू. तो ओळखीचा,
आमच्यासारखाच, फक्त ओला.
जुलैत डोंगर नाहीच. नुसतं धुकं,
धुक्यात एका देवळाची पिवळी भिंत,
आणि शिखरं अशी वर आलेली
जशी बोडीत बसलेल्या म्हशींची डोकी.
पायऱ्या मात्र प्रत्येक महिन्यात.
लाइट गेली की मी मोजायचो.
मार्चमध्ये दोनशे चौदा,
पुढे वळण आहे.

फांग मशीन बसवायला आला, तीन दिवस राहिला.
केळी आणि उकडलेली अंडी, एवढंच खाल्लं.
तो मोबाइलशी बोलायचा,
मोबाइल आमच्याशी, हिंदीत.
डोंगराकडे बोट दाखवलं, मोबाइल म्हणाला,
"नौ फूल पहाड़. मेरी माँ हर साल ऊपर जाती है.
तीन क़दम, एक माथा."
मग थोडं थांबून,
"घुटना ख़राब है. फिर भी."

त्यानेच सांगितलं,
एक भिक्खू तिथे समुद्रापलीकडून आला,
जमीनदाराला म्हणाला, माझ्या चीवराएवढी जागा दे.
जमीनदार हसला, घे म्हणाला.
चीवर अंथरलं, अंथरलं, अंथरतच गेलं,
नऊच्या नऊ शिखरांवर.

पुस्तकलाबाई झाडता झाडता थांबल्या.
रामटेकेंच्या पुस्तकलाबाई,
विहाराची किल्ली ज्यांच्या कमरेला असते.
"मंग सातबारा कोनाच्या नावानं झाला?"
हे काही मोबाइलला जमलं नाही.

त्या डोंगराचा बोधिसत्त्व क्षितिगर्भ.
नाव भन्तेजींनी शोधून दिलं,
क्षिती म्हणजे जमीन, गर्भ म्हणजे तिचं पोट.
त्याने म्हणे शपथ घेतली,
नरकात एकही जण उरला असेल
तोवर मी बुद्ध होणार नाही.

मशीन सुरू झालं.
तांदूळ पाण्यासारखा पडतो, कॅमेरा बघतो,
काळा दाणा, पिवळा दाणा, डागी दाणा
हवेच्या एका फुंकरीने बाजूला.
टक्. टक् टक्.
पुस्तकलाबाईंनी बराच वेळ पाहिलं.
"म्हंजे तो रिजेक्टच्या पोत्यापाशी बसला हाये.
शेवटचा दाना उचलल्याबिगर उठत नाही."

माझा बाप मँगनीजच्या खाणीत होता.
आमच्याकडेही होता एक डोंगर, त्याच्या लहानपणी,
माथ्यावर शेंदराचा दगड,
पळसाच्या दिवसांत तिथे नारळ फुटायचे.
आता खड्डा आहे, तेवढाच, उलटा.
पायऱ्या त्यालाही आहेत, बाप रोज उतरायचा.
तळाला हिरवं पाणी साचलंय.
तिथे कोणी बसलंय का,
मी कधी वाकून पाहिलं नाही.

डिसेंबर सरला. शेटजी म्हणाले, काढून टाक.
पुस्तकलाबाईंनी पानं उलटली,
कात्रीने खालच्या तारखा कापल्या
आणि जुलै तेवढा घेतला.
"बाकीचे दिसतेत. हा लपला हाये, याले घरी नेतो."

मिलच्या मागे कोंड्याचा ढीग, दोन मजले उंच.
वारा सुटला की त्याचं धुकं
धानाच्या बांध्यांवरून तळ्यापर्यंत जातं.
काल दुपारी पुस्तकलाबाईंनी लुगडं पिळलं,
हिरवं, नऊवारी,
आणि त्या ढिगावर वाळत घातलं.
कोंडा चिकटेल, मी म्हणणार होतो.
त्यांनी आधी ते नीट पसरलं,
मग एकेक टोक धरून ओढून पाहिलं,
थोडं अजून, थोडं अजून.

मी खिडकीतून विचारलं, "किती झाकलं?"
त्या हसल्या. "एवढंच."
आणि टोकांवर विटा ठेवल्या,
उडू नये म्हणून.